रजेचा साहेब

मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळेपणानं इंग्रजी बोलले ती एका थडग्याशी. साताऱ्याच्या कँपापलीकडे गोऱ्यांचं जुनं कबरस्तान आहे, तिथे.

खरं तर माझं सगळं शिक्षण पाचगणीच्या इंग्रजी शाळेत झालं. तिथे प्रार्थनेपासून भाजीपर्यंत सगळं इंग्रजीतच मागावं लागे. मी फारसं काही मागितलंच नाही. ताटात पडेल ते खाल्लं आणि प्रार्थनेच्या वेळी ओठ हलवले. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ‘शांत मुलगी’ असा शेरा यायचा आणि वडील तो वाचून खूश व्हायचे. मुलगी शांत आहे म्हणजे तिला सगळं पटतंय, असा त्यांचा समज होता. वकील असूनही.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी शेवटची परीक्षा देऊन साताऱ्याला घरी आले. मला सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांची ना नव्हती, पण होही नव्हता. मधे आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. कुंडलजवळच्या एका वाडीत तिचं घर, ऊस, दोन विहिरी आणि एकुलता एक मुलगा. तो मुलगा पलटणीत भरती झाला आणि मोटार चालवायला म्हणून इटलीला गेला. जायच्या आधी आत्यानं वडिलांकडून शब्द घेतला होता : पोरगा रजेवर आला की माझ्याशी लग्न. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. म्हणून लहानपणीसुद्धा मला त्याला दादा म्हणू दिलं नव्हतं. ‘तसली हाक मारून वाट बंद करू नगंस,’ असं आत्या सांगायची. मग मी त्याला काहीच म्हणत नसे.

तेव्हा मामला असा होता. तो रजेवर आला तर माझं लग्न, नाही आला तर माझं कॉलेज. वडील म्हणाले, “बघू, तो कधी येतो ते.” जणू माझा निकाल पुण्याहून नाही, इटलीहून लागणार होता.

लढाई संपली तरी तो येईना. वाडीतली बाकीची पोरं परत आली, कुणी ट्रंका आणल्या, कुणी घड्याळं. आत्याच्या पोराची नुसती खुशाली यायची. मे महिन्यात एके सकाळी आत्या सर्व्हिस मोटारीनं आमच्याकडे उतरली. उंब्रजला मोटार तापून थांबली होती, त्यामुळे तीही तापलेलीच होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “पोरी, तुला विंग्रजी बोलाय येतंय नव्हं?”

“येतं,” मी म्हणाले. मराठीत.

“मग उद्या माज्यासंगं चल. रजंच्या सायबाकडं अर्ज द्यायचाय.”

वडिलांना वाटलं, कलेक्टर कचेरीत कुणी नवा अधिकारी आला असेल. मग आत्यानं खुलासा केला. कँपातल्या कबरस्तानात एक मोठा साहेब पुरलाय. पलटणीतल्या पोरांच्या आया त्याच्याकडे जातात. त्याच्यापुढे चिरूट पेटवून ठेवायचा आणि पोराची रजा मागायची. चिरूट शेवटपर्यंत जळला तर रजा मंजूर. मधेच विझला तर नामंजूर. आपल्याकडे देवाला फुलं चिकटवून कौल लावतात, तसाच हा कौल, फक्त देवाची आवड निराळी.

“अगं आक्का,” वडील हसून म्हणाले, “तुझा सगळा मुलूख गोऱ्याला हाकलायला निघालाय, आणि तू त्याला चिरूट पाजायला निघालीस?”

“जित्त्याला हाकलायचा, बाबा. मेलेला कुटं जातुय आता? त्यो आपल्याच मातीतला झाला.”

“मग जोतिबाला का नाही घातलंस साकडं?”

“घातलंय की. पर इटली कुटं आन जोतिबाचा डोंगर कुटं. तितं हुकूम गोऱ्याचा. ज्याची पलटण त्याच्याकडंच अर्ज जाया पायजे का नगं? तू वकील हायस, सांग की.”

वडिलांना हे कायदेशीर वाटलं असावं. आईनं पदर तोंडाशी नेला.

अर्ज अर्थातच इंग्रजीत. साहेबाला मराठी येत असती तर गोष्ट वेगळी. बाकीच्या बायका बाजारातला एखादा कारकून बरोबर नेत आणि तो तिथे काहीतरी घडाघड म्हणून टाकी. “आपल्या घरात विंग्रजी आसताना भाड्याचं कशाला?” आत्या म्हणाली. ज्याच्या येण्यानं माझं कॉलेज बुडणार होतं त्याची रजा मीच मागायची, आणि ती चांगल्या इंग्रजीत, यात काही विचित्र आहे असं घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही ते आणून दिलं नाही. शांत मुलगी.

कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप होतं, पण शेजारची भिंत पडलेली होती, तिथून शेळ्याही आत जात आणि आम्हीही गेलो. आत सीताफळीची झुडपं माजली होती. थडगी काही उभी, काही एकमेकांवर रेललेली. एका पंखवाल्या परीचा हात मोडून पडला होता आणि तिच्या खांद्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं. मागे अजिंक्यतारा. इतक्या मराठी डोंगराच्या पायथ्याशी ही माणसं इतकी इंग्रजी नावं घेऊन निजली होती, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

धोतराचा मालक झाडाखालून उठून आला. हा तिथला राखणदार. अंगात खाकी कोट आणि त्याला निरनिराळ्या जातीची पितळी बटणं. पूर्वी तो साहेब लोकांच्या मेसमध्ये वाढपी होता, त्यामुळे मेलेल्या साहेबांच्या सवयी आपल्यालाच माहीत आहेत असं त्याचं म्हणणं. आत्या चपला काढायला वाकली तसा तो धावला.

“आवं बाय, चपला काडू नगासा! सायबाला पायात लागतंय. अनवानी आलं की त्यांस्नी वाटतं, मागाय आलंय कुनीतरी.”

“मागायच आलोय की.”

“तरीबी. आन नारळ फोडू नगा. दचाकत्यात.”

“मग काय चालतंय?”

“बिस्कुटं,” तो ताबडतोब म्हणाला.

आत्यानं बिस्किटं आणली होतीच. तो ती कोटाच्या खिशात ठेवत आम्हाला साहेबाकडे घेऊन गेला. ते थडगं सगळ्यांत मोठं होतं. चार खांब, वर छत्री, भोवती लोखंडी साखळी. एवढं मोठं छत ज्याच्या डोक्यावर तो केवढा मोठा साहेब असेल, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. दगडाच्या कडेवर चिरुटांनी पडलेले काळे डाग ओळीनं होते, आमच्याआधी येऊन गेलेल्या आयांचे.

राखणदारानं चिरूट पेटवला. पेटवायचा म्हणजे पहिला झुरका ओढावा लागतो, तो त्यानं डोळे मिटून, बराच लांब ओढला. मग कडेवर चिरूट ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन तो ताठ उभा राहिला. आत्यानं मला कोपरानं ढोसलं.

मी घसा साफ केला. “गुड मॉर्निंग, सर.”

“काय म्हनलीस?”

“रामराम घातला.”

“हं. आता फुडं.”

पुढे काय बोलायचं ते सुचेना म्हणून मी दगड वाचू लागले. अक्षरांत शेवाळ होतं, पण वाचता येत होतं. दगडावर कर्नल नव्हता, कॅप्टनही नव्हता. एक लेफ्टनंट होता आणि त्याचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात होतं, पण तो मेलेला नव्हता. त्याची बायको मेली होती. लग्न करून बोटीनं आली आणि वर्षाच्या आत तापानं गेली. वय एकोणीस. तिचं नाव खाली, बारीक अक्षरात, नवऱ्याच्या नावाला धक्का लागणार नाही अशा बेतानं कोरलेलं.

मी मागे वळून पाहिलं. आत्या हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तिचे ओठ हलत होते. पोराचं नाव घेत असावी. चिरुटाचं टोक लाल दिसत होतं. अशा वेळी दगडावरचं वाचून दाखवणं माझ्याच्यानं झालं नाही.

“गुड मॉर्निंग, मॅडम,” मी म्हणाले.

“आता गं काय?”

“पुन्हा रामराम. त्यांच्यात दोनदा घालतात.”

आणि मग मी बोलायला लागले. समोर मास्तरणी नव्हती, चुका काढून हसणाऱ्या मुली नव्हत्या आणि ऐकणारी बाई माझ्याच वयाची होती. मी तिला सांगितलं की ही मागे उभी आहे ती माझी आत्या, हिचा मुलगा दूरवर आहे, त्याला सुखरूप घरी येऊ दे. तो माणूस वाईट नाही. लहानपणी त्यानं मला विहिरीतून वर काढलं होतं, ढकललंही त्यानंच होतं, पण काढलं. तो येऊ दे. फक्त बाई, तुम्हाला लग्न करून परमुलखात येण्याचा अनुभव आहे. मला वर्षभरात संपायचं नाही. मला सांगलीला जायचंय. तेव्हा दोन्ही जमेल असं काहीतरी करा.

त्यानंतर आणखीही काही बोलले. ते इंग्रजीत होतं, ते तिच्यापाशीच राहू दे.

मी थांबले तेव्हा आत्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. “लय बोललीस की गं! मी तर निस्तं ‘रजा द्या’ म्हनून सांगितलं हुतं.”

“इंग्रजीत तेवढंच लांबतं, आत्या.”

“लांबंल न्हाई तर काय,” राखणदार म्हणाला. “राज्य केलंय त्यांनी.”

चिरूट शेवटपर्यंत जळला. राखेची एक अख्खी कांडी कडेवर राहिली. आत्यानं ती राख चिमटीत घेऊन पदराला बांधली आणि परत येताना वाटभर ती माझ्याशी सुनेशी बोलावं तशी बोलली.

जूनच्या तोंडावर तो आला.

राठ मिशा, खाकी सदरा आणि शिट्टीवर कसलीतरी परकी चाल. त्यानं वाडीसाठी चीजचा डबा आणला होता, तो म्हशीनंही हुंगून सोडला म्हणे. चहा तो बिनदुधाचा प्यायचा. आई रोज त्याच्यापुढे तो काळा चहा ठेवताना असं तोंड करायची की काढाच देतेय. आत्या त्याला घेऊन तडक आमच्याकडेच आली होती. घरात सगळ्यांना अचानक परसात कामं निघाली आणि आम्हा दोघांना सोप्यात बसवून ठेवण्यात आलं. मी जमिनीकडे पाहत होते. तोही जमिनीकडे पाहत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “बरं हाय नव्हं?”

“हो.”

एवढंच. थोड्या वेळानं तो उठून अंगणात मोटार नसतानाही मोटार बघायला गेला.

रात्रीच्या जेवणात आत्यानं तारीख काढली. तेव्हा तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, “आये, तसं न्हाई करता येत. मी सरकारी मानूस. लगीन कराय सायबाची परवानगी लागती. आन माजा सायेब तिकडं इटलीत.”

मी ताटातून मान वर केली. तो माझ्याकडे न बघता आमटी ओरपत होता. मला वाटलं, याला पलटणीत बरंच काही शिकवलंय.

पण आत्याही काही कमी नव्हती. “मग त्यात काय?” ती म्हणाली. “सायेब हितं साताऱ्यात हाय की. त्यानंच रजा दिली, त्योच परवानगी देईल. ही लावंल कौल. हिचं लय ऐकतो त्यो.”

त्याचा घास हातात राहिला. वडिलांनी मात्र लगेच मान डोलावली. “तुझा साहेब काय म्हणतो ते मला मान्य,” ते आत्याला म्हणाले. “हो म्हणाला तर लग्न, नाही म्हणाला तर कॉलेज.” त्यांना निवाडा दुसऱ्या कुणाकडे तरी जायला हवाच होता.

तेव्हा आता सगळं एका चिरुटावर आलं. आत्यानं नवा चिरूट आणला आणि कागदात गुंडाळून फळीवर, दुधाच्या भांड्याशेजारी ठेवला. सकाळी आई अंगणात आणि आत्या आंघोळीला, अशी वेळ साधून मी स्वयंपाकघरात गेले. पहिल्या खेपेला मी बोलून काम भागवलं होतं. पण बाईंनी रजेचं मनावर घेतलं तसं लग्नाचंही मनावर घेतलं तर? काही गोष्टी देवावर सोडू नयेत. मी चिरूट तांब्यात बुडवला, चांगला मुरू दिला आणि पदराला पुसून होता तसा कागदात ठेवला. हातात घेतला तेव्हाच तो मला जड लागला होता. पण चांगला चिरूट जड असतो की हलका, हे मला कुठून माहीत असणार?

कबरस्तानात राखणदार आम्हाला पाहून उठला आणि आपण होऊन खिशाचं तोंड उघडून उभा राहिला. आत्यानं त्यात बिस्किटं घातली. या खेपेला तिच्या परडीत आणखीही काही होतं : खण, साखर आणि हळदीकुंकवाचा करंडा. कौल मिळाला की तिथल्या तिथे मला कुंकू लावून ती मोकळी होणार होती. मी करंड्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई, सांभाळा.

आमच्याबरोबर आलेल्या आत्याच्या मुलानं टाचा जुळवून थडग्याला कडक सलाम ठोकला. मग तो दगडावरची अक्षरं बघू लागला. मोटारी चालवून चालवून त्याला पाट्या वाचायची सवय झाली होती. त्याचं बोट हळूहळू एका ओळीखालून सरकलं, थांबलं, आणि त्याच्या मिशा हलल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सीताफळाच्या झाडाकडे पाहिलं.

राखणदारानं काडी ओढली. चिरूट पेटेना. दुसरी ओढली. गाल आत जाईपर्यंत त्यानं झुरका मारला, डोळ्यांत पाणी आलं, पण चिरुटाचं टोक काळं ते काळंच. काड्या संपत आल्या.

“इझला म्हंजे न्हाई म्हनला का?” आत्यानं विचारलं.

“इझला कुटं? इझायला आदी पेटाय पायजे.” राखणदारानं चिरूट फिरवून फिरवून पाहिला. असा प्रसंग त्याच्याही नोकरीत आला नसावा. पण तो मेसमधला माणूस, निरुत्तर होणारा नव्हता. “बाय, माज्या मतानं सायेब रजंवर हाय.”

“सायेबच रजंवर?”

“लोकास्नी देतो, मग सोता घ्याची न्हाई व्हय? फुडल्या म्हैन्यात या. बिस्कुटं आना.”

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. पुढल्या महिन्यात कॉलेजात नाव घालायची मुदत टळून गेली असती. आत्यानं मात्र राखणदाराच्या हातून चिरूट घेतला आणि दोन बोटांत दाबला. टपकन एक थेंब पडला. तिनं तो नाकाशी नेला.

“च्या,” ती म्हणाली.

“बिनदुधाचा,” आत्या म्हणाली आणि पोराकडे वळली. “आमच्यात बिनदुधाचा च्या कोन पितं रं?”

तो सलाम करून झाल्यावरही ताठ उभा होता, तो आता आणखी ताठ झाला. आत्यानं पुन्हा चिरूट दाबला. पुन्हा थेंब.

“पर एवडा च्या कपात मावत न्हाई. ह्यात पानी बी हाय.” मग तिची नजर माझ्याकडे आली आणि माझ्या पदरावर थांबली. पदराच्या टोकाला तपकिरी, लांबट, अगदी चिरुटाच्या मापाचा डाग होता.

“एकानं भिजिवला आसता तर पेटून इझला आसता,” आत्या सावकाश म्हणाली. “पेटलाच न्हाई. म्हंजे दोगांनी भिजिवलाय.”

राखणदार दोन पावलं मागे सरकला आणि बिस्कीट खाऊ लागला.

“आरं, एवडं एकमत तर लगीन होऊन ईस वर्सं झालेल्या जोडप्यात नसतं!” आत्या ओरडली. “ह्याच्यावरनंच लगीन लावावं वाटतंय तुमचं!”

हे ऐकून मी मराठीत मोठ्यानं बोलले. “आत्या, मला शिकायचंय. सांगलीला जायचंय.”

आत्या चमकली. तिनं माझा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. मग ती पोराकडे वळली. “ती शिकाय जानार. तुला रं काय झालं? पोरगी काय वाईट हाय?”

“वाईट न्हाई, आये. मला तिचं भ्या वाटतंय.”

“भ्या? लढाईस्नं आलास नव्हं तू?”

“तोफ वाजून मग गप बसती, आये. ही आदुगरच गप हाय.” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “राग मानू नगंस. आमचा सायेब बी असाच गप बसायचा. मग शिक्षा द्याचा.”

मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पण त्यानंही नको म्हणावं, आणि माझ्या आधी चहात बुडवून म्हणावं, हे थोडं लागलंही. एवढं मी कबूल करते, जास्त नाही.

आत्या साखळीवर बसली. “मग त्या दिशी एवडं लांबण लावून सायबाला काय सांगितलंस तू? रजा तर दिली त्यानं.”

“ती मागितलीच होती. तो सुखरूप येऊ दे म्हणून. आणि मला जाऊ दे म्हणून.”

“सायबाला बाईमानसाचं काय कळतंय?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “साहेब नाही, आत्या. बाई आहे,” मी म्हणाले, आणि दगड पहिल्या ओळीपासून वाचून तिला मराठीत सांगितला. मुलगा मान डोलावत होता.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती वर्साची?”

“एकोणीस.”

“तुज्याएवडी.” आत्या म्हणाली. “लेकरूबाळ?”

“लिहिलं नाही.”

“नवरा मागं हुता?”

“हो. त्यानंच छत्री बांधली.”

“म्हंजे अहेव गेली,” आत्या म्हणाली. नवरा असताना गेलेल्या बाईला आपल्याकडे केवढा मान. आत्याची नजर कडेवरच्या त्या काळ्या डागांच्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली, आणि एकदम तिनं कपाळावर हात मारला.

“आगं बया! आन आमी समद्या जनी त्या लेकीला चिरूट वढाय लावतोय व्हय!”

मुलाला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. राखणदाराला ठसका लागला. पण आत्या हसली नाही. ती उठली, परडी घेतली आणि करंडा उघडला. माझ्यासाठी आणलेलं कुंकू तिनं बोटावर घेतलं आणि दगडावर, बारीक अक्षरातल्या त्या नावाच्या वर लावलं. हळद लावली. खण उलगडून कडेवर ठेवला, त्यावर चिमूटभर साखर. मग करंडा मिटून म्हणाली, “एवड्या लांबनं आली आन वर्सात गेली. माज्या पोराला मातूर घरी धाडलं तिनं.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “तिला सांग, खण कुंडलच्या बाजूचा हाय. धुतला की रंग जाईल. कोरडाच ठेव म्हनावं.”

मी तेही इंग्रजीत सांगितलं.

घरी पोचल्यावर वडील दारातच उभे होते. “काय म्हणाला साहेब?”

“नामंजूर,” आत्या म्हणाली आणि सरळ पाणी प्यायला आत गेली. पुढे ती आतूनच ओरडली, “पोरीला सांगलीला धाड. गप बसून बसून घुमी हुईल ती!”

वडिलांनी अपील केलं नाही.

मी सांगलीला आले. तो पलटण सोडून मालमोटार चालवू लागला, कुंडलकडचा गूळ सांगलीच्या पेठेत आणि माधवनगरचं कापड परत. येता-जाता आमच्या वसतिगृहापुढे भोंगा वाजवून आत्यानं दिलेल्या शेंगा टाकून जातो. मुली मला त्यावरून चिडवतात. मी काही बोलत नाही, त्यामुळे त्यांना ते खरं वाटतं. त्याचं लग्न झालं, उंब्रजची मुलगी. जागेपणी ती गप्प बसलेली कुणी पाहिली नाही, आणि तो अगदी निर्धास्त दिसतो.

आत्यानं बजावलं होतं की हे दुसऱ्या बायांना सांगायचं नाही. रजा मिळत्यात, तर मोडता कशाला घालायचा. मी कुणाला सांगितलं नाही. पण राखणदारानं सगळं ऐकलं होतं. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मी एकटीच कबरस्तानात डोकावले. छत्रीखाली कुणी नवी आई, पोरगं काश्मीरकडे असलेली, बाजारातला कारकून घेऊन उभी होती. कडेवर चिरुटाच्या राखेशेजारी हिरव्या बांगड्या होत्या आणि दगडावर कुंकवाची किती तरी बोटं. राखणदार तिला नीट समजावून सांगत होता.

“सायबाची बायकू बी हितंच ऱ्हाती. आदी तिला कुकू लावायचं, मग सायबाला चिरूट. अर्ज तिच्या हातनं गेला की लवकर निगतो.”

“आन बिस्कुटं कुनाला?” त्या बाईनं विचारलं.

राखणदारानं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. खिशाचं तोंड तेवढं जरा उघडलं.

“ती दोगांस्नी बी चालत्यात,” तो म्हणाला.